तालमीनं पाठ केलेले शब्द

माझी सून वर्षाराणी चाळिशी ओलांडली तरी शिकतच होती. नोकरी होती, घर होतं, मुलगी नववीत गेलेली, तरी हिचं शिकणं काही संपेना. गल्लीतल्या बायका मला विचारायच्या, "बयाबाई, सूनबाई आजून शिकत्यातच व्हय?" मी सांगायची, काही माणसांना डोक्याला ताप असल्याबिगार जेवण जात नाही, आमची त्यातली.

ती शिकते ते काय, हे मला कळायला बरेच दिवस लागले. मी चौथी पास, तीही मास्तरांना दया आली म्हणून. पण घरात वर्षानुवर्षं एकच गोष्ट रटरटत असली की तिचा वास कळतोच. नशा करणाऱ्या पोरांच्या डोक्यातलं काय जातं, आठवण किती जाते आणि नशा सोडल्यावर गेलेलं परत येतं का, हे तिला शोधायचं होतं. याची उत्तरं पुस्तकात आहेत म्हणे, पण ती परदेशातल्या पोरांची. तिला आमच्या गल्लीतल्या पोरांची पाहिजे होती. त्याला कारण आमची शेजारीण धोंडुबाई. तिचं सांगतेच, पण आधी सुनेचं.

वर्षाराणी मुरगूडची. वडलांचं एसटी स्टँडजवळ सायकल दुरुस्तीचं दुकान, तीन मुली, त्यातली ही मधली. माझ्या हंबीररावासाठी बघायला गेलो तेव्हा मी तिला विचारलं, भाकरी थापता येते का. ती म्हणाली, येते, पण पातळ होत नाही. आणि मग तिनंच मला विचारलं, तुमच्या गल्लीतनं कॉलेज किती लांब. माझ्या नणंदेनं तिथंच नाक मुरडलं. मला मात्र ती आवडली. पातळ होत नाही हे कबूल करणारी मुलगी पुढं खोटं बोलून त्रास देणार नाही, असा माझा हिशेब. हिशेब बरोबर निघाला. त्रास खरं बोलण्याचाच जास्त झाला.

लग्नानंतर तिनं मानसशास्त्राचं शिक्षण पुरं केलं आणि शहरातल्या एका नशामुक्ती केंद्रात समुपदेशक म्हणून लागली. समुपदेशक म्हणजे काय, तर ऐकून घ्यायचं. दिवसभर लोकांच्या पोरांचं, त्यांच्या आयांचं, बायकांचं ऐकायचं. संध्याकाळी घरी आली की पाय गरम पाण्यात सोडून बसायची आणि म्हणायची, "आत्ती, आता अर्धा तास माझ्याशी कुणी बोलू नका." हंबीरराव शिरोलीच्या एमआयडीसीत लोखंड ओतायच्या फौंड्रीत सुपरवायझर. तिथल्या आवाजानं त्याचे कान बसलेले, त्यामुळं तो मोठ्यानंच बोलतो. ही ऐकून थकलेली, तो ओरडून थकलेला. संसार बरा चालला.

धोंडुबाई आमच्या समोर राहते. एका खानावळीला चपात्या लाटून देते. नवरा लवकर गेला, एकच पोरगा, कृष्णात. हे त्याचं खरं नाव नव्हे. वर्षाराणीनं मला बजावलंय की पोरांची खरी नावं कुठं सांगायची नाहीत. त्याच्या आईचं नावही मी त्याचसाठी बदललंय. गल्लीतल्यांना कळायचं ते कळेल, त्याला माझा इलाज नाही.

कृष्णात आमच्या तालमीच्या फुटबॉल संघाचा गोलकीपर. बाहेरच्या माणसाला तालीम म्हणजे कुस्ती वाटते. आमच्याकडं तालीम म्हणजे सगळ्या गल्लीचं घरच. खाली तांबड्या मातीचा हौदा, वर संघाची खोली, भिंतीला ढाली आणि जुन्या पैलवानांचे फोटो. लग्न असो, मयत असो, पंचगंगेचं पाणी वर चढो, आधी तालमीची पोरं हजर. आणि पलीकडच्या पेठेच्या तालमीशी मॅच असली की त्या दिवशी तिकडच्या जावयानंसुद्धा इकडं यायचं नाही, असा इथला रिवाज.

या कृष्णाताची आठवण म्हणजे काय सांगू. दहा वर्षांमागच्या मॅचचा गोल कुणी कुठल्या पायानं मारला आणि त्या वेळी प्रेक्षकांत कोण कुणाला काय बोललं, हे तो बसल्या जागी सांगायचा. म्हातारी माणसं पैज लावून त्याला विचारायची. मग कधी तरी माल सुरू झाला. माल म्हणजे गांजा. आमच्या लहानपणी तो बैरागी ओढायचे. आता बैरागी राहिले नाहीत, तर ते काम पोरांनी अंगावर घेतलंय. पुढं त्यात गोळ्या आल्या. पोरगं आईला उलटून कधी बोललं नाही, मारामारी केली नाही, फक्त हळूहळू रिकामं होत गेलं. गिरणीत दळण ठेवून यायचं आणि डबा कुठल्या गिरणीत ठेवला ते विसरायचं. हंबीररावानंच त्याला फौंड्रीत लावलं होतं. तिथं एकदा वितळलेल्या लोखंडाची किटली, म्हणजे ते ओतायचं मोठं भांडं, येत असताना हा वाटेत उभा. बाजूला हो म्हणून तिघांनी ओरडून सांगितलं. नंतर म्हणाला, बाजूला व्हायचंय हे माहीत होतं, पण कशासाठी ते आठवेना. त्याला घरी बसवलं. हंबीररावानंच बसवलं, दुसरं काय करणार.

मग धोंडुबाईनं पदर खोचला आणि त्याला वर्षाराणीच्या केंद्रात आणून सोडलं. पोरानं सोडलं हो. पडला, उठला, परत पडला, पण सोडलं. त्याचं बघून तालमीचा कॅप्टन अमरसिंह यानं संघाला नियम घातला, जो ओढेल तो मैदानावर दिसणार नाही. त्या नियमानं आणखी काही पोरांनी सोडलं. संघात नसलेली ओढत राहिली. त्यांना नियम कुणी लावायचा?

कृष्णातानं सोडून बरेच महिने झाल्यावर धोंडुबाई एकदा आमच्या दारात आली. चौकटीला टेकून उभी राहिली आणि वर्षाराणीला म्हणाली, "वर्षाताई, त्यानं सोडलंया, तुझं उपकार हायत. पर डोस्कं मागं येतंया का न्हाय? परत फौंड्रीत जातो म्हणून माज्या मागं लागलाय. भट्टीम्होरं उभा ऱ्हाऊ दिऊ का नको, तेवढं सांग."

वर्षाराणीला उत्तर माहीत नव्हतं. माहीत नाही म्हणाली असती तर सुटली असती. पण ती म्हणाली, बघून सांगते. तिथनं तिचं हे पीएचडीचं शिक्षण सुरू झालं.

तीन प्रकारची पोरं पाहिजे होती, ओढणारी, न ओढणारी आणि ओढून सोडलेली. सगळ्यांची एकच परीक्षा. पंधरा शब्द वाचून दाखवायचे, तेही एकमेकांशी संबंध नसलेले. पोरानं जेवढे आठवतील तेवढे सांगायचे. असं चार-पाच वेळा. मग मधे आकडे उलटे म्हणायला लावायचे, चित्रं दाखवायची आणि अर्ध्या तासानं अचानक विचारायचं, मघाचे शब्द सांग. शब्द तिनं स्वतः निवडले, इथल्या पोरांच्या ओळखीचे, आणि ते तिच्या मार्गदर्शक मॅडमनी तपासून दिले. पहिली परीक्षा माझ्यावर झाली. मला सहा आले. मी म्हटलं, बघ, माझं डोकं गांजाशिवायच गळकं आहे, तुझ्या अभ्यासात मला कुठं धरशील? म्हणाली, "आत्ती, तुम्ही सरावाच्या."

शब्द सोपे, पोरं मिळणं अवघड. मी ओढतो असं कोण सांगणार? सगळे म्हणायचे, मी न्हाय वहिनी, माझा मित्र. त्या मित्राला भेटलं तर तो म्हणायचा, मी न्हाय, माझा मित्र. ओढणारी पोरं ज्या कट्ट्यावर बसायची तिथं वर्षाराणी केंद्रातनं सुटल्यावर जाऊन बसायची. नुसती बसायची. हे पोलिसाला सांगणार नाही, घरी सांगणार नाही, नावाच्या जागी नुसता आकडा घालणार, हे सांगून सांगून तिचा घसा बसला. पलीकडच्या पेठेतली पोरं एका ओळखीच्या मास्तरामुळं आधी मिळाली. त्यांच्या परीक्षा झाल्या. पण त्यांच्यात सोडलेलं एकही पोरगं नव्हतं. सोडलेली सगळी आमच्याच तालमीची, अमरसिंहाच्या नियमातली. म्हणजे धोंडुबाईचं उत्तर आमच्याच गल्लीत होतं.

यात मुदत दोनदा वाढवून झाली होती. तिसऱ्यांदा देताना विद्यापीठातल्या वरच्यांनी सांगितलं, दिवाळीपर्यंत प्रबंध द्या, नाही तर नाव रद्द. सात वर्षं पाण्यात.

शेवटी गणपती झाल्यावर आमच्या तालमीची पोरं तयार झाली. तालमीत आवाज फार, म्हणून परीक्षा आमच्या सोप्यात, म्हणजे पुढच्या खोलीत ठेवली, रविवारी दुपारच्या. हंबीररावाला दुपारची झोप माडीवर घ्यायला लावली. मी आत स्वयंपाकघरात लसूण सोलत बसायची, दार लोटलेलं. सगळं ऐकू यायचं, पण ऐकते असं दाखवायचं नाही.

पोरं अंघोळी करून, केस बसवून यायची. जणू बघायलाच आलीत. आणि काय सांगू, काय हुशारी. कुणाला तेरा, कुणाला चौदा. ज्याचे डोळे कायम लाल, ज्याला आपली चप्पल कुठली ते सापडत नाही, तोही धडाधडा पंधराच्या पंधरा. मला आपल्या गल्लीचा अभिमान वाटायला लागला. बाहेर येऊन बघते तर वर्षाराणीचं तोंड उतरलेलं.

मी म्हटलं, पोरं एवढी चांगली निघाली, तुला काय झालं?

"आत्ती, ओढणाऱ्यांना न ओढणाऱ्यांपेक्षा जास्त येतंय."

मी म्हटलं, मग मलाही थोडा आणून दे. ती हसली नाही. आकडे उलटे म्हणण्यात हीच पोरं अडखळतात, चित्रं विसरतात, तेवढे शब्द मात्र पक्के, असं का, हे ती स्वतःशीच पुटपुटत होती. काही तरी चुकतंय हे तिला कळलं होतं. पण दिवाळी तोंडावर आली होती, आणि दमलेलं माणूस कळलेलं चार दिवस पुढं ढकलतं. तिनंही ढकललं.

तिसऱ्या रविवारी कृष्णात आला. त्याचीच ती वाट बघत होती. इतर पोरांच्या वेळी मी लसूण तरी सोलायची. त्या दिवशी हात थांबले.

तिनं शब्द वाचले. त्यानं चार सांगितले. परत वाचले. पाच. परत वाचले. त्यानं पाच सांगितले आणि सहावा सांगताना थांबला तो थांबलाच. समोरच्या धोंडुबाईच्या दारातनं चपात्यांचा वास येत होता. मग तो म्हणाला, "वहिनी, ऱ्हाऊ द्या."

ती म्हणाली, घाई नाही, सावकाश सांग.

"सावकाशबी न्हाय यायचं. सगळ्यांस्नी येतंया, मलाच येत न्हाय. अमरसिंह रोज माज्याकडनं घोकून घेतोय. ल्हान पोरांस्नीसुदा आलं वो. मला न्हाय."

"काय घोकून घेतोय?"

"हेच की. तुमचं शब्द."

मी दार उघडून बाहेर आले. लपून ऐकायचं काही उरलंच नव्हतं. वर्षाराणी हातातली पेन्सिल टेबलावर ठेवत होती. ती घरंगळून खाली पडली, ती तिनं उचलली नाही. कृष्णातच वाकला आणि त्यानं उचलून दिली. तो मान खाली घालून निघून गेला आणि ही तशीच बसून राहिली. मी चहा ठेवला. चहाला साय धरली तरी तिनं हात लावला नाही.

संध्याकाळी ती तालमीत गेली. मीही मागोमाग गेले. तालमीत बायका फारशा जात नाहीत. पण मी या गल्लीत पन्नास वर्षं काढलीत, आणि तिथल्या निम्म्या पोरांना मी पायावर घेऊन न्हाऊ घातलंय. मला कोण अडवणार?

सरावावरनं पोरं नुकतीच आली होती. अमरसिंहानं लपवलं काही नाही. त्याला लपवण्यासारखं काही वाटतच नव्हतं. झालं होतं ते असं. पलीकडच्या पेठेतली पोरं मैदानावर भेटली तेव्हा म्हणाली, तुमच्याच वहिनीनं आमची परीक्षा घेतली, आमच्यात तेरा आल्यात, तुमच्या गंजाड्यांस्नी तीन बी यायचं न्हाईत. झालं. ही परीक्षा म्हणजे सामना आहे हे तालमीत ठरून गेलं. पहिल्या रविवारी ज्या दोघांची परीक्षा झाली त्यांनी आठवतील तेवढे शब्द येऊन सांगितले. पुढच्यांनी राहिलेले जुळवले. मग रोज सराव संपला की मातीत गोल करून बसायचं आणि सगळ्यांनी एका सुरात म्हणायचं. जो चुकेल त्याला दहा बैठका. तालमीच्या पायरीवर खेळणाऱ्या पोरींनी तर त्या शब्दांवर दोरीच्या उड्या सुरू केल्या होत्या. मी स्वतः ऐकलं होतं, आणि मला वाटलं होतं शाळेतली कविता असेल.

वर्षाराणी सगळं ऐकत होती. केंद्रात ऐकते तसंच, मधे न बोलता. मग म्हणाली, "अमर, मला तुमचे मार्क नको होते रे. तुम्हाला काय आठवत नाही, ते पाहिजे होतं."

अमरसिंह तिच्याकडं बघतच राहिला. "आठवत न्हाय ते दावायचं? पलीकडच्या पेठंम्होरं?"

 मग तोच खालच्या आवाजात म्हणाला, "आनी वहिनी, आमाला वाटलं, आमच्या पोरांमुळं तुमी नापास हुशीला. तुमी आमच्या गल्लीच्या. सात वर्षं बघतोय की तुमाला, स्कूटीवर झोपंला आलेल्या."

आता यावर रागवायचं कसं सांगा. वैऱ्यानं काम नासवलं तर भांडता येतं. यांनी गल्लीची म्हणून, माया लावून नासवलं होतं. ती एका उलट्या घमेल्यावर बसली. तिला म्हातारी झालेली मी पहिल्यांदा बघितली. माझ्याआधी.

कोपऱ्यात कृष्णात उभा होता. तो पुढं आला आणि म्हणाला, "मग माजं तरी घ्या की. मला घोकूनबी आलं न्हाय. म्हंजे माजं खरंच हाय."

"घेता येत नाही, कृष्णात. तू ते शब्द आधी ऐकले होतेस. माझ्याकडनं पहिल्यांदा ऐकले असतेस तर तीन आले असते का सात, हे आता कुणालाच सांगता येणार नाही."

त्यानं थोडा विचार केला. "म्हंजे मी नापासातबी न्हाय."

ती उठली आणि घमेलं जागेवर ठेवून घराकडं निघाली. 

दुसऱ्या दिवशी मॅडमकडं जाऊन आली. मॅडमही थकलेल्याच, निवृत्तीला आलेल्या. त्यांनी ऐकून डोक्याला हात लावला आणि म्हणे हसल्या. मग म्हणाल्या, नवे शब्द करायचे तर आधी दुसऱ्या पोरांवर तपासून घ्यावे लागतील, आणि तुझी पोरं घोकायला इतकी सरावलीत की काही महिने जाऊ दे. एवढा वेळ तुझ्याकडं नाही. तुमची तालीम अख्खी वगळ. पलीकडच्या पेठेतल्या पोरांवर प्रबंध होतोय. ओढणारी आणि न ओढणारी एवढ्यावर थांब, सोडलेल्यांचा भाग काढून टाक.

म्हणजे पदवी मिळणार होती. फक्त ज्या प्रश्नासाठी सगळं मांडलं, तो प्रश्न सोडून.

हंबीररावाला हे वगळणं पटेना. जेवताना त्याचा आवाज चढला. एवढे रविवार घालवलेस, घर तालमीला दिलंस, आणि आता ते फेकायचं? आलेत ना चांगले आकडे, मग लिही की, सोडलेल्या पोरांना सगळं आठवतंय म्हणून, त्यात कुणाचं काय जातंय? गल्लीचंही नाव होईल. त्याचं मन वाईट नाही. बायकोचं दमणं त्याला बघवत नव्हतं, आणि त्याला सगळं ओरडूनच सांगता येतं.

तिनं हातातला घास ताटात ठेवला. "आणि ते वाचून तुम्हीच कृष्णाताला परत भट्टीपुढं उभा कराल."

 त्या किटलीच्या वेळी ओरडणाऱ्या तिघांत हंबीरराव एक होता. तो उठून हात धुवायला गेला आणि बराच वेळ मोरीतच उभा राहिला. त्यानंतर त्यानं तो विषय काढला नाही. उलट रविवारी सकाळी स्वतः तिची स्कूटी धुऊन ठेवायला लागला.

तिनं आमची तालीम वगळली. मात्र वगळली का, हे एक पान भरून लिहिलं. पोरांनी एकमेकांना शब्द शिकवले, ते कशासाठी शिकवले आणि आपण दोन तालमींत एकच शब्द वापरले ही आपली चूक कशी झाली, सगळं. मॅडम म्हणाल्या, एवढं कशाला? ही म्हणाली, पुढं कुणी इथं असा अभ्यास करायला आला तर त्याला आमच्या तालमी ठाऊक असू देत.

दिवाळीच्या आधी प्रबंध गेला. घरात फराळाला हात लावायचंही त्राण कुणात नव्हतं. माझ्या चकल्या त्या साली मऊ पडल्या त्या त्यामुळंच. निदान मी तसंच सांगते.

पुढच्या पावसाळ्यात तोंडी परीक्षा झाली. बाहेरून आलेल्या सरांनी बाकीचं भराभर उलटलं आणि त्या एका पानावरच अर्धा तास विचारलं. शेवटी हसत म्हणाले, तालीम कुठली ते तरी सांगा. तिनं सांगितलं नाही. पास झाली.

दुसऱ्या दिवशी गल्लीच्या तोंडाला हा एवढा डिजिटल बोर्ड. वर वर्षाराणीचा लग्नातला फोटो, कुठनं मिळवला देव जाणे, आणि खाली हार्दिक अभिनंदन. त्याखाली शुभेच्छुक म्हणून तालमीच्या सगळ्या पोरांचे फोटो, गॉगल लावून. प्रबंधातनं वगळलेला एकेक गडी त्या बोर्डावर होता. नावासकट. नावांच्या जागी आकडा घालायचा म्हणून तिनं एवढा जपून ठेवलेला कारभार, यांनी चौकात टांगला. ती बोर्डाखाली उभी राहून बघत होती. मला वाटलं रडेल. ती इतकी हसली की तिला पायरीवर बसवावं लागलं. त्या सात वर्षांत एवढी हसलेली मी तिला बघितली नव्हती.

गर्दी पांगल्यावर धोंडुबाई आली. हाताला पीठ तसंच. तिनं वर्षाराणीच्या तोंडात पेढा घातला आणि विचारलं, "मग काय निघालं?"

वर्षाराणीनं पेढा गिळला. ती म्हणाली, "काकू, तुम्ही विचारलं होतं ते निघालं नाही. ते शोधायचं राहूनच गेलं."

धोंडुबाईनं पदराला हात पुसले. रागावली नाही, रडली नाही. म्हणाली, "म्हंजे आजून शिकाय पायजे तुला."

मला वाटलं, आता तरी ही म्हणेल, पुरे. पदवी मिळाली, केंद्रातला पगार थोडा वाढणार, पोरगी कॉलेजला जाईल, बसावं की जरा. चार दिवस बसलीही. दुपारी झोपायला लागली. मग एका सकाळी बघते तर टेबलाशी बसून नवे शब्द जुळवतेय. या वेळी दोन वेगवेगळ्या याद्या. मॅडम नाहीत, मुदत नाही, पदवी नाही. मी नुसतं बघितलं तर म्हणाली, "आत्ती, या वेळी सराव तुमच्यावर करणार नाही." मी म्हटलं, बरं झालं.

नवे शब्द केंद्रातल्या आणि केंद्राबाहेरच्या, कधी न ओढलेल्या पोरांवर तपासून झाले आणि दसरा झाल्यावर तिनं कृष्णाताला एकट्याला बोलावलं. तो दोन वेळा येतो म्हणून विसरला. तिसऱ्यांदा धोंडुबाईनं हाताला धरून दारापर्यंत आणला आणि माघारी गेली. तो गोलात अजून उभा राहतो, आणि चेंडू अडवतो चांगला. हातापायांना त्याच्या सगळं आठवतं, हे मी बघितलंय. सोप्यात खुर्चीवर बसला की मात्र त्याला हात कुठं ठेवायचे ते कळत नाही.

तिनं शब्द वाचले. मी या वेळी आत बसले नाही, उघड समोर बसले. दोघांचीही हरकत नव्हती. पहिल्यांदा पाच आले. शेवटच्या वेळी आठ. अर्ध्या तासानं विचारलं तर सहा.

त्यानं विचारलं, "बाकीच्यांस्नी किती येत्यात?"

केंद्रात इतर कुणाला ती आकडा सांगत नाही. त्याला तिनं सांगितला. त्याच्या वयाच्या, कधी न ओढलेल्या पोरांना येतात त्यापेक्षा हे कमी आहेत, हे सरळ सांगितलं. आणि हेही सांगितलं की एका दिवसावरून काही कळत नाही. सहा महिन्यांनी, शिमग्यानंतर, दुसरे शब्द घेऊन परत बघायचं, मग परत सहा महिन्यांनी. वाढत गेले तर दोघांनाही कळेल. तोवर भट्टीपुढं नको. हंबीररावानं त्याला फौंड्रीच्या गेटवर लावलंय, गाड्या आल्या-गेल्या बघायला. तिथं लोखंड अंगावर येत नाही.

 मला वाटलं, तो उठून जाईल आणि परत येणार नाही. मग म्हणाला, "शिमग्यानंतर म्हंजे कवा?"

तिनं तारीख सांगितली.

"मला नका सांगू वहिनी. आईला सांगा."

तो गेटवरच्या कामाला निघून गेला. वर्षाराणी उठली, गुडघ्यावर हात ठेवून, माझ्यासारखी, आणि रस्ता ओलांडून समोर गेली. धोंडुबाई चपात्या लाटत होती. हिनं तारीख सांगितली, परत एकदा सांगितली. धोंडुबाईनं लाटणं न थांबवता विचारलं, त्या दिवशी मॅच तर नाही ना. वर्षाराणी म्हणाली, ते बघायला पाहिजे.

"मग आदी अमरसिंहाला इचार," धोंडुबाई म्हणाली. "मॅच आसंल तर त्यो यायचा न्हाय, आनी मीबी त्याला धाडायची न्हाय."

तिनं गरम चपातीवर तेल लावून ती वर्षाराणीच्या हातात दिली. आमची डॉक्टरीणबाई ती उभ्यानंच खात खात तालमीकडं गेली.